तडजोड झाली, मग वकिलाला काम काय उरते?

जालन्याच्या एका पालकांनी लिहिले आहे : मुलगी लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला असून तिला पुढे पेटंट कायद्याकडे वळायचे आहे, पण बीटी कपाशीचा गाजलेला खटलासुद्धा शेवटी तडजोडीनेच मिटला, तर या क्षेत्रात काम ते कितीसे असणार?

सप्रेम नमस्कार.

बीटी तंत्रज्ञानाची पेटंटधारक मोन्सॅन्टो आणि ते परवान्याने वापरणारी बियाणे कंपनी नुझिवीडू सीड्स यांचा वाद परवाना करारातील शुल्कावरून पेटला, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सुनावणीसाठी पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयाकडे पाठवला आणि २०२१ मध्ये कंपन्यांनी तो आपसांत मिटवला, इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र तडजोडीवर सह्या झाल्या की काम संपते, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे बांधाच्या भांडणात ‘पूर्वेकडील तुकडा धाकट्याचा’ एवढेच लिहून, गट क्रमांक आणि चतुःसीमा न घालता झालेल्या तडजोडी पुढच्या पिढीला पुन्हा कोर्टात नेतात. पेटंटचेही तसेच आहे. करारात ‘उत्पादने’ असा शब्द असेल, तर त्यात आजचे वाण तेवढे धरायचे की पाच वर्षांनी येणारेही? परवानाधारक कंपनी विकली गेली, तर परवाना नव्या मालकाकडे जातो का? परवाना शुल्काचे हप्ते चालू असताना पेटंटची वीस वर्षांची मुदत संपली किंवा पेटंटच रद्द झाले, तर उरलेली रक्कम द्यायची का? याची उत्तरे कराराच्या शब्दांत शोधावी लागतात आणि तिथे विज्ञान समजणारा वकील लागतो. शिवाय दोघांनी मान्य केलेली प्रत्येक अट टिकतेच असे नाही : परवानाधारकाने पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायचे नाही, अशी अट परवाना करारात घालण्यास पेटंट कायद्याच्या कलम १४० ने मनाई केली आहे.

अंमलबजावणीचा मार्ग तडजोड कुठे नोंदवली यावर ठरतो. चालू दाव्यात तडजोड पुरसीस (दोन्ही पक्षांनी सह्या करून न्यायालयात दिलेला तडजोडीचा लेखी अर्ज) दाखल होऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) झाला असेल, तर अट मोडणाऱ्याविरुद्ध थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते. व्यापारी न्यायालय कायद्यानुसार दाव्याआधीच्या मध्यस्थीत झालेल्या तडजोडीला लवाद निवाड्याचा दर्जा मिळतो, म्हणजे तीही हुकूमनाम्यासारखी अमलात आणता येते. करार नुसता खासगी कागदावर राहिला, तर करारभंगाचा नवा दावा लावण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून मसुदा लिहितानाच हा विचार करणारा माणूस कंपन्यांना हवा असतो.

मुलीने आधी पदवी पूर्ण करावी. त्यानंतर सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएल. बी. करावे आणि त्याच काळात पेटंट एजंटची, म्हणजे पेटंट कार्यालयात अर्जदाराच्या वतीने काम करणाऱ्याची, परीक्षा द्यावी. या परीक्षेला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी पुरते, कायद्याची लागत नाही, मात्र केवळ त्या परीक्षेवर न्यायालयात वकिली करता येत नाही. सुटीत जालन्याच्या एखाद्या दिवाणी वकिलाकडे बसून तडजोड पुरसिशी आणि दरखास्ती वाचाव्यात. ते काम तिला क्षुल्लक वाटेल, पण शब्द कुठे फसतो हे तिथे लवकर कळते.

एक गोष्ट आपल्याला आधीच सांगायला हवी. हे काम मुख्यतः मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद अशा शहरांत आणि बहुतांशी इंग्रजीत चालते, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे तरी तिला घरापासून दूर राहावे लागेल, याची तयारी आपण ठेवावी.