कुंडीतून पाणी वाहते, पण माती कोरडीच राहते

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या घराला पश्चिमेकडची गॅलरी आहे आणि तिथे मोगरा, जास्वंद, कढीपत्ता अशा चौदा कुंड्या आहेत. मी रोज सकाळी प्रत्येक कुंडीत मगभर पाणी घालते आणि ते लगेच खालून वाहू लागते, इतके की खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे भिजतात. तरीही दुपारनंतर मोगरा मान टाकतो. मागच्या आठवड्यात तो मोठ्या कुंडीत हलवण्यासाठी उपटला, तेव्हा वरचा थर ओला होता, पण मुळांच्या मधोमध माती अक्षरशः भुकटीसारखी कोरडी निघाली. रोज पाणी घालूनही असे का व्हावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण मोगरा उपटून पाहिला हे फार चांगले झाले, कारण वरून पाहून हा दोष कधीच कळत नाही. बुडाच्या भोकातून पाणी आले म्हणजे कुंडी भिजली, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते, आणि मीही कित्येक वर्षे तिच्यावरच विसंबून होतो. प्रत्यक्षात त्या पाण्यावरून एवढेच कळते की वरपासून खालपर्यंत पाण्याला कुठेतरी एक मोकळी वाट सापडली. मगाने घातलेले पाणी ज्या वेगाने येते, त्या वेगाने माती ते शोषू शकत नाही, म्हणून ते सोपी वाट धरते आणि दहा-पंधरा सेकंदांत खाली उतरते.

ही वाट बहुधा कुंडीच्या कडेने तयार होते. काळी माती वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात, हे आपण उन्हाळ्यात शेतात पाहतोच. कुंडीत हेच घडले की मातीचा गोळा भिंतीपासून सुटतो आणि सभोवार बोटाच्या नखाएवढी फट राहते. कोकोपीटचेही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचेही, तसेच आहे, आणि त्याची आणखी एक खोड आहे. ओले असताना ते स्पंजसारखे पाणी धरते, परंतु एकदा पूर्ण वाळले की वरून भरकन ओतलेले पाणी ते लगेच धरत नाही, आणि त्यातले बरेचसे न मुरताच निघून जाते. गॅलरी पश्चिमेकडची असल्याने दुपारच्या उन्हाने कुंडीची बाहेरची बाजू तापते, तिकडची माती आधी वाळते आणि फटही तिकडेच आधी पडते.

आपल्या मोगऱ्याच्या बाबतीत मात्र मला अधिक संशय हुंडीचा आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती पिशवीच्या आकाराचा जो मातीचा घट्ट गोळा असतो, त्याला माळी मंडळी हुंडी म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा चिकट लाल मातीची असते, कारण वाहतुकीत ती फुटता कामा नये. ही हुंडी जशीच्या तशी कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात ठेवली की पाणी सैल मिश्रणातून निघून जाते आणि हुंडी आतून कोरडीच राहते. मुळे मात्र अजून तिच्यातच असतात. त्यामुळे भोवतालची माती ओलसर लागत असूनही झाड तहानलेले राहते. पुढच्या वेळी रोप लावताना हुंडी आधी बादलीत चांगली भिजवून घ्यावी, तिच्या बाहेरच्या बाजूची माती बोटांनी हलकेच मोकळी करावी आणि वेटोळे घातलेली मुळे सोडवून मगच लावावी. हुंडी फुटू नये म्हणून आपण तिला जेवढे जपतो, तेवढे जपण्याची गरज नसते.

आत्ता कोरड्या पडलेल्या कुंड्यांसाठी बुडवणीचा उपाय सर्वांत भरवशाचा आहे. टब किंवा मोठी बादली घेऊन तिच्यात कुंडी उभी ठेवावी आणि कुंडीच्या पाऊण उंचीपर्यंत पाणी भरावे. काठावरून पाणी जाऊ देऊ नये, नाहीतर कोरडे कोकोपीट तरंगत बाहेर येते. थोड्याच वेळात मातीतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागते. काही कुंड्यांत तर कान दिला तर बारीक खुळखुळ ऐकूही येते. बुडबुडे थांबले आणि वरची माती आपोआप काळसर ओली झाली की कुंडी बाहेर काढून अर्धा तास निथळू द्यावी. बुडबुडे थांबून माती वरपर्यंत भिजायला सहसा अर्धा-पाऊण तास लागतो. निथळलेली कुंडी एकदा दोन्ही हातांनी उचलून पाहावी आणि ते वजन लक्षात ठेवावे, कारण त्यानंतर पाणी कधी द्यायचे हे ठरवायला वजनाइतका प्रामाणिक साक्षीदार नाही.

बारा इंची किंवा त्याहून मोठी कुंडी उचलणे शक्य नसते. तिथे प्रथम खुरपीने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती मोकळी करून कडेची फट त्याच मातीने दाबून बुजवावी, नंतर बांबूच्या काडीने पाच-सहा ठिकाणी खोलवर भोके पाडावीत आणि झारीने थोडेसे पाणी सगळीकडे फिरवून शिंपडावे. दहा-पंधरा मिनिटे थांबून दुसऱ्यांदा आणि मग तिसऱ्यांदा शिंपडावे. पहिल्या खेपेने माती पाणी स्वीकारायला तयार होते आणि पुढच्या खेपांचे पाणी खरोखर मुरते. काकूंच्या कपड्यांचा प्रश्नही यानेच बराचसा सुटेल, शिवाय कुंडीखाली ताटली ठेवावी. मात्र तिच्यात साचलेले पाणी तासाभराने ओतून टाकावे.

भिजले की नाही हे पाहण्यासाठी तीच बांबूची कोरडी काडी तीन ठिकाणी, म्हणजे खोडाजवळ, मध्यावर आणि कडेला, तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. जिथवर ती गडद आणि ओलसर दिसते, तिथवर ओल आहे. बाजारातल्या स्वस्त ओलावामापकावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, कारण सैल कोकोपीटमध्ये त्याच्या टोकाला मातीचा नीट स्पर्शच होत नाही.

यापुढे तीन गोष्टी सांभाळाव्यात. माती कुंडीच्या काठापासून दीड इंच खाली असू द्यावी, म्हणजे पाणी क्षणभर साचून मुरेल. मोगरा-जास्वंदीच्या मिश्रणात कोकोपीट एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावे. आणि वर वाळलेल्या पाल्याचा थर असावा. रोज एकाच कोपऱ्यात मग ओतण्याची सवय मात्र मोडावी, कारण तिथे खळगा पडून पाणी कायम तिकडूनच धावते. खतही कोरड्या मातीवर घालू नये, मुळे भाजतात.

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस गावी जायचे आहे. कुंडीत पाण्याची बाटली उलटी खोचून ठेवली तर पुरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाटलीच्या तोंडाभोवतीची माती भिजते, पण ती ओल कुंडीभर पसरेलच असे नाही, आणि माती आधीच कोरडी असेल तर पाणी फटीतून एका तासात निघून जाईल. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या वर सांगितल्याप्रमाणे बुडवून भिजवाव्यात, सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि बाटलीऐवजी सुती दोरीची वात वापरावी. वातीचे एक टोक कुंडीच्या मधोमध बोटभर खोल पुरावे आणि दुसरे शेजारच्या पाण्याच्या बादलीत तळापर्यंत सोडावे. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यावी, अन्यथा ती पाणी ओढत नाही. हा सगळा बेत जाण्याच्या आठवडाभर आधी दोन दिवस करून पाहावा. त्यात कोणती कुंडी हलकी राहते ते कळले की तिच्यासाठी दुसरी वात लावता येते.