चौतिसावा आठवडा आणि २०५० ग्रॅम

पहिलटकरीण, वय २३, सोबत सासूबाई. घड्या पडून मऊ झालेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बॉलपेनने गोल केलेला आकडा: २०५० ग्रॅम. "जावेचं बाळ याच आठवड्यात २४०० होतं. माझं वाढत नाहीये का?"

सोनोग्राफीत बाळ काट्यावर ठेवत नाहीत. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून वजनाचा अंदाज काढतात. तो १० ते १५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे २०५० हे खरं तर १७५० ते २३५० मधलं काहीही. म्हणून जावेचा आकडा बाजूला ठेवून तिचाच आधीचा रिपोर्ट काढायला लावला. तिसाव्या आठवड्यात १३५०. चार आठवड्यांत ७०० ग्रॅम, आठवड्याला १७५. या दिवसांत आठवड्याला साधारण २०० ग्रॅम धरतात. बाळ सरासरीपेक्षा लहान, पण स्वतःच्या रेषेवर चाललेलं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी पाळीच्या तारखेशी जुळत होती, हेही पाहिलं. तारीखच दोन आठवडे चुकली असेल तर धडधाकट बाळही लहान दिसतं.

खरी काळजी तिच्या स्वतःच्या वजनाची होती. उंची १५० सेंमी, दिवस राहण्याआधी ४४ किलो, आता ५१. या बांध्याच्या बाईचं वजन नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढावं, शेवटच्या महिन्यांत आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास. तिचं मागच्या महिन्यात जेमतेम ६०० ग्रॅम वाढलेलं.

कारण घरातच सापडलं. "आता कमी जेव, बाळ मोठं झालं तर सिझर होईल," असं सासूबाईंनी मायेनेच सांगितलेलं. त्यांना तितक्याच आदराने समजावलं, की उपाशी राहून सिझर टळत नाही. आई अशक्त होते आणि बाळाचा साठा कमी पडतो. शिवाय गर्भाशय जठरावर दाबतं, त्यामुळे दीड भाकरीतच पोट भरतं आणि छातीत जळजळतं. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं, आणि जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत रोज ३५० कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. एक अंडं, मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम), पेलाभर दूध आणि अर्धी वाटी घट्ट वरण, एवढ्यात ती भागतात. मात्र हे नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त. महागड्या प्रोटीन पावडरीचा डबा घ्यायची गरज नाही. शेजारणीने सुचवलेल्या 'बाळाचं वजन वाढवायच्या' सलाईननेही वजन वाढतं असा भक्कम पुरावा नाही. लोहाची गोळी ती चहासोबत घेत होती. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, कॅल्शियमची दोन तासांच्या अंतराने.

सासूबाई औषधं आणायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "जळजळ झाली की मिशेरी लावते. तीनदा. सासूबाईही लावतात." हे ऐकल्यावर बाकी सगळं मागे पडलं. मिशेरीतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी पोचतं. तिने खाल्लेलं अन्न पोचायचं तर वाट मोकळी हवी. मिशेरी कमी करत न्यायची नव्हती, पूर्ण बंद करायची होती. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, हे आधीच सांगितलं. मग तिच्या परवानगीने सासूबाईंनाही सामील केलं; डबी त्यांनी स्वतःच्या कनवटीला ठेवायची ठरली.

डॉक्टरांनी रक्तप्रवाहाचा डॉपलर केला. तो ठीक निघाला. पुढची वाढीची सोनोग्राफी तीन आठवड्यांनी. त्याआधी केली तर मोजमापातली चूकच वाढ किंवा घट म्हणून दिसते. तोवर वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी. हालचाल कमी वाटली तर मात्र सोनोग्राफीची तारीख बघायची नाही: डाव्या कुशीवर पडून मोजायचं, दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. आठवड्यात एकदम किलोभर वजन वाढून तोंडावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आली तरीही तेच. तो रक्तदाबाचा इशारा असतो.

सदतिसाव्या आठवड्यात रिपोर्टवर २५५० होते, तिचं वजन ५२ किलो ३००. मिशेरी पहिल्या आठवड्यात दोनदा लागली, नंतर नाही. सासूबाईंची अजून सुटलेली नाही.