‘प्लाझा’ला चौक म्हणावं का?

कोलंबियाच्या कॉफीपट्ट्यातल्या सालेन्तो गावावर प्रवासलेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : तिथल्या ‘प्लाझा’ला चौक म्हटलं तर लोकांना सिग्नलचा चौक तर वाटणार नाही ना?

चौकच म्हणा, पण वाड्यातला चौक मनात धरून. चौसोपी वाड्याचा चौक म्हणजे चहूबाजूंनी सोपे आणि मधे मोकळं आभाळ. प्लाझाची घडण नेमकी तीच. स्पेनच्या दुसऱ्या फेलिपे राजाने १५७३ साली अमेरिकेतल्या वसाहतींसाठी नगररचनेचे नियम काढले. गावाची आखणी प्लाझापासून सुरू करायची, त्याची लांबी रुंदीच्या निदान दीडपट हवी, कारण सणासमारंभात घोडे दौडवायला ती बरी पडते, इतक्या बारकाव्याने ते लिहिलेत! सालेन्तो वसलं एकोणिसाव्या शतकात, म्हणजे स्पॅनिश अंमल उठल्यावर. पण मधे प्लाझा आणि भोवती गाव ही रीत टिकली.

तिथे एका बाजूला चर्च, मधे स्पॅनिश अंमलाविरुद्ध लढलेल्या सिमोन बोलिव्हारचा पुतळा, भोवताली रंगीत दारं-सज्जांची घरं आणि कोकोरा खोऱ्यात जायला रांगेत उभ्या विलीज जीप. कोलंबियातल्याच हार्दिन गावच्या प्लाझात रंगवलेल्या लाकडी खुर्च्या मांडलेल्या असतात. लोक ‘तिंतो’ म्हणजे कोरी कॉफी घेत गप्पा मारतात. हे वाचून आपल्याला पार आठवतो. पण पार झाडाभोवतीचा, त्यामुळे शब्द म्हणून तो इथे बसत नाही. ‘मैदान’ला भिंतींची चौकट नाही. ‘चव्हाटा’ अर्थाने जवळचा, पण त्यावर भांडणंच यायची!

‘प्लाझा’ तसाच ठेवला तर मराठी वाचकाला टोलनाका, मॉल, नाहीतर दादरचं थिएटर दिसेल. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘गावचा मोठा चौक’ लिहावं, पुढे नुसतं ‘चौक’ पुरे. विशेषनाम मात्र भाषांतरित करू नये : ‘प्लासा दे बोलिव्हार’. कोलंबियात उच्चार ‘प्लासा’ असाच होतो.

जाता जाता : ‘प्लाझा’ लॅटिनमार्गे ग्रीक ‘प्लातुस’ म्हणजे रुंद, या शब्दापर्यंत पोचतो, आणि त्याचा संस्कृत भाऊबंद ‘पृथु’. पृथ्वीही त्याच कुळातली. मला हे नातं फार आवडतं.

लेखात ‘प्लासा दे मेर्कादो’ आलं, तर तिथे चौक नको. ती सरळ मंडई.