पाच तलाव नकोत, एक धर

प्रिय संशोधक मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. सूरसागर, गोत्री, टिंबी, आजवा आणि वढवाणा. वडोदरा शहरातले आणि आसपासचे पाच तलाव, महिन्याला एकेक नमुना, शेवटी शैवालाच्या प्रजातींची यादी आणि पाण्याच्या गुणधर्मांचे तक्ते. असा प्रबंध पुरा होतो, पदवीही मिळते. पण तू माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते: चार तलाव सोडून दे.

शैवालाची एक पिढी उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत उरकते. तुझ्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात अख्खा ब्लूम, म्हणजे शैवालाचा बहर, येऊन विरून जाईल आणि तक्त्यात त्याचा मागमूसही नसेल. सूरसागर शहराच्या मधोमध आहे, दांडिया बाजारातून तू तिथे चालत पोचतेस. आठवड्याला जाता येईल असा तोच एक. वढवाण्याला २०२१ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला, त्यामुळे प्रबंधात ते नाव असावं असं तुला वाटतं, हे मला कळतं. पण हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात, त्यांच्या विष्ठेतून पाण्यात पोषकद्रव्यं येतात. तो प्रश्नच वेगळा आहे आणि त्याला वेगळं माणूस हवं.

आता वेळेबद्दल, कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. तू नमुन्याची वेळ सकाळी अकरा लिहिली आहेस. हिरव्या तलावात दुपारी प्रकाशसंश्लेषण इतकं जोरात चालतं की विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्याही, म्हणजे पाण्यात एरवी मावेल त्याच्याही, वर जातो. अंधार पडला की तेच शैवाल आणि तळाच्या गाळातले जिवाणू रात्रभर तो वापरत राहतात. सर्वांत कमी प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी असतो, आणि माशांचा जीव बहुधा त्याच सुमारास जातो. अकराला तुझा आकडा सुधारलेला असेल, आणि त्या आकड्यावरून तलाव निरोगी आहे असं तू लिहून बसशील. म्हणून महिन्यातून एकदा तरी दुपार, संध्याकाळ, मध्यरात्र आणि पहाट अशी पूर्ण फेरी कर. प्राणवायू मोजण्याच्या विंकलरच्या पद्धतीत बाटली भरताना बुडबुडा राहू देऊ नकोस. प्राणवायू जागीच बांधून ठेवणारी मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही रसायनं काठावरच घाल. नुसती बाटली भरून प्रयोगशाळेत नेशील तोवर आतले जीव प्राणवायू बदलून टाकतील. कारंज्यानेही पाण्यात प्राणवायू मिसळतो, म्हणून ते चालू होतं की बंद, हेही लिही.

वाऱ्याची दिशा मात्र कुणीच लिहीत नाही, आणि त्याचं मला खरंच दुःख होतं. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडलेला असताना त्याच्या वसाहती वर येऊन तापल्या दुधावर साय धरावी तशा पाण्यावर धरतात. मग मंद वारा ती साय एका काठाला लोटतो. त्या काठावर बाटली बुडवलीस तर तलाव भयंकर प्रदूषित, समोरच्या काठावर बुडवलीस तर ठीकठाक. दोन्ही नमुने खरेच, पण वाऱ्याची नोंद नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून धरणाऱ्या एकट्या जाळीवर विसंबू नकोस. वीस-पंचवीस मायक्रॉनच्या जाळीतून बारीक पेशी निसटतात, आणि कित्येकदा संख्येने त्याच जास्त असतात. मोजणीसाठी साधं पाणी घे, ल्युगॉल, म्हणजे आयोडीनचं द्रावण, घालून पेशी आहेत तशा थांबव आणि सावकाश तळाशी बसू दे.

कोणती शैवालं सापडली त्यावरून प्रदूषणाला गुण देणारा पामरचा १९६९ चा निर्देशांक काढायला हरकत नाही. पण त्यातले वीस किंवा जास्त गुण सेंद्रिय प्रदूषण जास्त असल्याचं दाखवतात, ते कुठून आलं ते सांगत नाहीत. कारण शोधायचं तर तलावाला नेमका प्रश्न विचारावा लागतो. कॅनडातल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराचं उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. १९७३ मध्ये सरोवरांचे अभ्यासक शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पडद्याने दोन भागांत विभागलं. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस फक्त एकीकडे. त्या एका बाजूचं पाणी हिरवंगार झालं. सरोवर एकच होतं, प्रश्नही एकच, पण शैवाल फॉस्फरसमुळे माजतं का, हा जुना वाद त्याने बराच मिटवला.

ओळख पटवताना देशिकाचारींचा नील-हरित शैवालांवरचा १९५९ चा ग्रंथ जवळ ठेव, पण नावं आजची वापर. पाण्यात तरंगणाऱ्या अ‍ॅनाबिनाच्या बऱ्याच जाती आता डोलिकोस्पर्मममध्ये गेल्या आहेत. आणि ‘मायक्रोसिस्टिस आढळला’ एवढ्यावर थांबू नकोस, पेशी मोज. त्याचे काही प्रकार यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिन बनवतात, काही बनवत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकातून ते ओळखता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे, उकळून ते विष जात नाही. आजव्याचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून हे शहर पितं. म्हणून या विषयात अर्धवट नोंद मला सहन होत नाही.

पहाटेच्या फेरीला एकटी जाऊ नकोस, भावाला किंवा वर्गातल्या कुणाला सोबत घे. आणि पुढे कधी आजव्याला किंवा विश्वामित्री नदीच्या काठी काम निघालं, तर मगरींची माहिती असलेल्या स्थानिक माणसाशिवाय पाण्याजवळ वाकायचं नाही, हे आईला वचन दिल्यासारखं पाळ.

काठावर रोज फिरायला येणारे आजोबा, फुलवाल्या बायका यांना पाण्याला वास कधी येतो ते विचारून तारखेसकट लिहून ठेव.

गाइडसमोर चार तलाव वगळण्याची गोष्ट काढशील तेव्हा दुपारचे आणि पहाटेचे आकडे शेजारी शेजारी लिहून ने. विंकलरच्या मोजणीत लागणाऱ्या थायोसल्फेटच्या द्रावणाचं प्रमाणीकरण, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता ठरवणं, पहिल्यांदा करताना घरी ये, आपण मिळून करू.

तुझी शुभचिंतक,
मॅडम