वाचकांचे प्रश्न : फिरत्या पिळणयंत्राचा दांडा

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, गेली अकरा वर्षे अमेरिकेत पेनसिल्वेनियातील लँकेस्टर परगण्यात राहतो. आसपास आमिश या जुन्या राहणीच्या ख्रिस्ती पंथीयांची शेते आहेत आणि त्यांच्या घरी पिळणयंत्र बसवलेली जुन्या पद्धतीची धुलाईयंत्रे पेट्रोलच्या इंजिनावर किंवा दाबलेल्या हवेवर आजही चालतात. ती पाहून हौस वाटली आणि जवळच्या एका शेतघराच्या लिलावात विजेच्या मोटरीवर चालणारे तसेच एक यंत्र आम्ही घेतले. गोल टबाच्या काठावर एक खांब आहे, त्यावर दोन रबरी रोलरांचे पिळणयंत्र आडवे बसवले आहे आणि खिट्टी ओढली की ते खांबाभोवती हवे तिकडे फिरवता येते. गिअरच्या टोकाला एकच दांडा आहे : एका बाजूला ढकलला की रोलर पुढे फिरतात, दुसऱ्या बाजूला ढकलला की उलटे, मध्ये ठेवला की थांबतात. माथ्यावर वरचा रोलर सैल करणारी पट्टी आहे. मागच्या आठवड्यात पत्नी यंत्राच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून चादर पिळत असताना तिच्या अंगावरच्या सदऱ्याची बाही आत ओढली गेली. घाबरून तिने दांडा ढकलला तो नेमका उलट्या बाजूला. बाही फाटली म्हणून हात वाचला. माझ्याकडे छोटे लेथ आहे, सुटे भाग मी घरी घडवू शकतो. दांड्याची रचना अधिक सुरक्षित कशी करावी? की पायाने दाबण्याचे बटण बसवून प्रश्न मिटेल?
— एक वाचक, लँकेस्टर

उत्तर : आपल्या पत्नीला इजा झाली नाही हे उत्तम झाले. दांडा उलटा ढकलला गेला यात त्यांची चूक शोधू नका. ती चूक यंत्रात आधीपासून बसलेली आहे, आणि ती समजण्यासाठी पिळणयंत्र मुळात फिरते का केले गेले हे पाहावे लागेल.

अशी यंत्रे घरोघरी होती त्या काळी धुलाईच्या दिवशी यंत्राशेजारी दोन टब मांडलेले असत, एक साध्या पाण्याचा आणि दुसरा निळीचा. कपडा धुलाईच्या टबातून पिळून पहिल्या टबात, तेथून पिळून निळीत आणि निळीतून पिळून टोपलीत जाई. जड यंत्र हलवण्यापेक्षा पिळणयंत्राचे डोके फिरवणे सोयीचे होते. खांबाच्या पोटातून उभा शाफ्ट वर येतो आणि डोके त्याच्याच अक्षाभोवती फिरते, म्हणून कोणत्याही स्थितीत रोलरांना गती मिळत राहते. सोय खरोखर उत्तम, परंतु डोके फिरले की दांडाही फिरतो आणि चालवणारी व्यक्ती कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला उभी राहते. काल जो दांडा उजव्या हाताशी होता तो आज डाव्या हाताशी येतो आणि 'डावीकडे ढकलले की पुढे' हे हाताला लागलेले वळण पलीकडे उभे राहताच उलटते. शांत डोक्याने हे लक्षात ठेवता येते. बाही ओढली जात असताना येत नाही.

वेळ किती मिळतो याचा हिशेब करू. समजा रोलरचा व्यास ५ सेंमी आहे आणि तो मिनिटाला ४० फेरे घेतो, तर कपडा सेकंदाला सुमारे साडेदहा सेंमी आत जातो. (आपल्या यंत्राचे माप फीत आणि घड्याळ घेऊन स्वतः काढा.) बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत मोठ्या माणसाचे अंतर साधारण ४५ सेंमी धरले तर सगळे मिळून चार सेकंद. दचकून हात मागे खेचण्यास पाव ते अर्धा सेकंद लागतो, म्हणजे तेवढ्यात फार तर बोटे आत जातील. दांडा कुठे आहे हे पाहून, बाजू ठरवून तो ढकलण्यास दोन सेकंद लागले तर मनगट पार झालेले असेल. मुलांच्या बाबतीत हात बारीक असल्यामुळे तो कोपरापर्यंत किंवा काखेपर्यंत जाई आणि तिथे अडकल्यावर रोलर एकाच जागी कातडीवर घासत राहत. चिरडणे आणि घर्षणाने भाजणे या दोन्ही इजा एकदम होत. बोस्टनचे शल्यचिकित्सक डोनाल्ड मॅकॉलम यांनी १९३८ साली अशा जखमी हातांविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. वरून किरकोळ दिसणाऱ्या हाताला पुढच्या काही तासांत आतून सूज चढून रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून अशा मुलाला दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवण्याचा प्रघात पडला. असे कधी घडलेच तर हात बरा दिसतो म्हणून घरी थांबू नये.

आता आपल्या यंत्रावरील माथ्याच्या पट्टीकडे पाहा. ती दाबली की वरच्या रोलरवरचा स्प्रिंगचा दाब सुटतो, पण खालचा रोलर फिरतच राहतो. दाब सुटूनही घासणे थांबत नाही, म्हणजे हा उपाय अर्धाच झाला. उलट, फक्त दांड्याने रोलर थांबवले तर हात दाबलेलाच राहतो. दोन्ही कामे एकाच हालचालीने झाली पाहिजेत : आधी क्लच, म्हणजे मोटरची गती रोलरांना जोडणारा आणि तोडणारा भाग, सुटावा आणि लगेच वरच्या रोलरची चौकट उघडावी. आपण घडवणार असाल तर पहिली अट हीच ठेवा.

दुसरी अट अशी की ती हालचाल माणसाला शोधावी लागू नये. पेनसिल्वेनियातच ईरी या शहरी लोव्हेल ही कंपनी अनेक धुलाईयंत्र उत्पादकांना पिळणयंत्रे पुरवीत असे. तिच्या एका प्रसिद्ध रचनेचे नावच 'उपजत' या अर्थाचे होते, कारण घाबरलेला माणूस जे उपजत करतो, म्हणजे मागे खेचतो, त्याच ओढीने रोलर थांबत. आपल्याला घरी असे करायचे तर डोके त्याच्या बैठकीवर कपड्याच्या दिशेने मागेपुढे काही मिलिमीटर सरकेल असे बसवावे, दोन्हीकडून स्प्रिंग लावून ते मध्यावर धरावे आणि सरकताच एक खिट्टी सुटून क्लच मोकळा व्हावा. अडचण एकच : चादर सरळ करताना आपण तिला थोडी ओढतोच आणि तेवढ्यानेही यंत्र थांबू लागले की घरातली माणसे वैतागून स्प्रिंग आवळतात. सुरक्षेचे जे साधन दिवसातून दहा वेळा विनाकारण आडवे येते ते अकराव्या वेळी तारेने बांधलेले सापडते, हे मी कारखान्यातही पाहिले आहे. चार किलोच्या आसपासच्या ओढीने खिट्टी सुटावी असे मी ठरवीन; ताणकाटा लावून हे मोजता येते.

हे जमवणे किचकट वाटले तर रोलरांच्या दोन्ही बाजूंना, पोटाच्या उंचीवर, पूर्ण लांबीची एकेक आडवी पट्टी बसवावी, म्हणजे माणूस पुढे ओढला गेला की त्याचे शरीरच पट्टीवर दाबले जाते. मात्र पट्टीने दांडा फक्त मध्यावर यावा, मध्य ओलांडून उलट्या फेऱ्यात कधीही जाऊ नये. उलटे रोलर हात बाहेर ढकलतात हे खरे असले तरी तोच हात दुसऱ्यांदा चेपला जातो, आणि पलीकडे कपडा धरून कोणी उभे असेल तर आत ओढणारी फट आता त्याच्या समोर येते. यासाठी दांड्याच्या शाफ्टवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली पट्टी बसवा आणि स्प्रिंगने दाबलेली एक खुंटी त्या खाचेवर टेकू द्या. खुंटी कोणत्याही बाजूने सुटली तरी घसरत खाचेच्या तळाशीच येते, आणि तो तळ म्हणजे थांबण्याची जागा. पुन्हा सुरू करण्यासाठी दांडा हाताने मुद्दाम हलवावा लागावा. चौकट खाली बसवताच रोलर आपोआप फिरू लागता कामा नयेत. त्याच वेळी दांड्याची चालही बदलून घ्या. तो डावीकडे-उजवीकडे न हलता कपड्याच्या दिशेने पुढेमागे हलावा. मग कोणत्याही बाजूला उभे राहिले तरी ज्या दिशेला ढकलाल त्याच दिशेला कपडा जाईल आणि लक्षात ठेवण्यासारखे काही उरणार नाही.

लेथवर काम करणार आहात म्हणून क्लचबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथेच फसतात. आपल्या यंत्रात बहुधा दोन बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर आणि त्यांच्यामध्ये सरकणारा दात्यांचा क्लच असेल. त्या दात्यांच्या बाजू अगदी उभ्या असतील तर भार जितका जास्त तितके ते एकमेकांना घट्ट धरतात. म्हणजे हात अडकून मोटर जोर लावत असते त्याच क्षणी क्लच सोडवणे सर्वांत कठीण होते. तेल लावलेल्या पोलादावर घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर सुमारे साडेआठ अंशांपेक्षा जास्त उतार दिलेले दाते भाराखाली स्वतःहून बाहेर सरकू पाहतात. दहा-बारा अंशांचा उतार द्या आणि त्यांना जागेवर धरण्याचे काम खिट्टीकडे सोपवा. खिट्टी सुटली की मोटरचा जोरच क्लच मोकळा करतो आणि आपल्याला फक्त खिट्टीपुरती ताकद लागते.

फिरत्या डोक्याचा आणखी एक धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उभ्या शाफ्टच्या पिळाला डोक्याची चौकट तोलून धरते आणि चौकटीला खांबावरची खिट्टी धरते. खिट्टी पूर्ण बसलेली नसताना रोलर अडकले तर शाफ्ट डोक्यालाच आपल्याबरोबर फिरवू पाहील, तेही अडकलेल्या हातासकट. म्हणून खिट्टी आणि दांडा एकमेकांत गुंतवा : खिट्टी खाचेत तळापर्यंत उतरल्याशिवाय दांडा मध्यावरून हलू नये आणि खिट्टी उचलताच क्लच सुटावा. एक खाचा पाडलेली पट्टी यासाठी पुरते.

पायाच्या बटणाबद्दल मी उत्साही नाही. पाय उचलला की यंत्र थांबते हे तत्त्व चांगले आहे, पण दचकलेला माणूस पाय उचलण्याऐवजी अनेकदा अधिक जोराने दाबतो. यंत्रमानव चालवणाऱ्यांच्या हातातील परवानगीचे बटण याच कारणासाठी तीन स्थितींचे असते. सोडले तरी थांबते आणि घट्ट आवळले तरी थांबते. शिवाय ओल्या जमिनीवर विजेची वायर पसरवणे मला पटत नाही, आणि मोटर बंद झाली तरी दाब सुटत नाहीच. विजेचा विषय निघालाच आहे तर यंत्राला अर्थिंग आहे का ते तपासा आणि अमेरिकेत सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे जे सॉकेट मिळते, त्याच्यावरच ते चालवा.

सर्व जुळणी झाल्यावर परीक्षा स्वतःच्या बोटांनी घेऊ नका. जाड रबरी हातमोज्यात ओले फडके भरून ते रोलरांत द्या. डोके जितक्या जागी अडकते तितक्या प्रत्येक जागी, दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही दिशांना ही परीक्षा करा. चार जागा असतील तर एकूण सोळा वेळा होते. एकदाही मनगटापलीकडे हातमोजा गेला तर काम अपुरे समजावे. घरात लहान मुले असतील तर मात्र माझे उत्तर वेगळे आहे : पोटाच्या उंचीची पट्टी स्टुलावर चढलेल्या मुलाच्या गुडघ्याशी येते. काम संपताच प्लग काढा आणि वरची चौकट उघडी ठेवा.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचा विद्यार्थी आहे. आमच्या रसवंतीत उसाचा चरक आहे. ओढताच थांबणारी अशी रचना त्याला बसवता येईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : बसवता येईल, पण मी बसवणार नाही. चरकाचे रोलर लोखंडी आणि खाचांचे असतात, त्यांत हात गेल्यावर रबरी रोलरांइतकी सवलत मिळत नाही. शिवाय ऊस स्वतःच धक्के देत आत जातो, त्यामुळे ओढीवर सुटणारी खिट्टी दर कांडीला सुटेल. इथे हात रोलरापर्यंत पोहोचूच न देणे बरे. मोठ्या माणसांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ४ सेंमीपर्यंतच्या गोल तोंडातून रोलर किमान १२ सेंमी आत हवा आणि त्याच मापाच्या चौकोनी तोंडातून २० सेंमी. तोंड ४ सेंमीपेक्षा मोठे झाले की हे अंतर एकदम ८५ सेंमीवर जाते, कारण मग पूर्ण हातच आत जाऊ शकतो. अडचण आपल्यालाही ठाऊक असेल : सरळ ऊस अशा नळीतून जातो, पण चिपाडाची घडी घालून त्यात आले-लिंबू दाबले की ती जात नाही. घडीसाठी लाकडी दांड्याने आत लोटण्याची लांब पन्हाळ करावी आणि थांबवण्याची पट्टी पन्हाळीच्या तोंडाशी, रस गोळा करणाऱ्याच्या नव्हे तर ऊस घालणाऱ्याच्या बाजूला, असावी. चिपाड बाहेर पडते ती बाजू झाकण्यास विसरू नका; गुंडाळलेले चिपाड ओढून काढताना चरक उलटा फिरवला तर तीच बाजू आत ओढणारी होते.

प्रश्न : आमच्या सेमी ऑटोमॅटिक यंत्रात कपडे सुकवण्याच्या टबाचे झाकण उघडल्यावरही टब बराच वेळ फिरत राहतो. दुरुस्तीला आलेल्या मेस्त्रींनी झाकणाचा स्विच सतत त्रास देतो म्हणून तो जोडूनच टाकला. चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. झाकण उघडताना दोन गोष्टी घडायच्या असतात : स्विच मोटरची वीज तोडतो आणि झाकणाला जोडलेली तार टबाखालचा ब्रेक लावते. स्विच थेट जोडल्यामुळे पहिली गोष्ट बंद झाली आहे, आणि टब बराच वेळ फिरतो त्याअर्थी तार ढिली झाली आहे किंवा ब्रेकची पट्टी झिजली आहे. फिरत्या टबात ओल्या साडीचा पदर हाताला गुंडाळला गेला तर तो रोलरांपेक्षाही वेगाने ओढतो. नवा स्विच बसवून घ्या, तार ताणून घ्या आणि झाकण उघडताच टब काही सेकंदांत थांबतो आहे हे मेस्त्रींच्या समोरच पाहा. तोपर्यंत कपडे हाताने पिळावेत.