पत्र्याच्या घराच्या माळ्यावर एक्झॉस्ट फॅन बसवला तर उन्हाळ्यात घर थंड राहील का?

फॅन एवढ्यात घेऊ नका. माळ्यात हवा कुठून शिरते आणि कुठून निघते, ते आधी बघा.

आमचं घर वर्धा जिल्ह्यात. बाबांनी बांधलं तेव्हा वर कवेलू (मातीची कौलं) होते आणि आढ्याखालच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींत झरोके. माकडांनी कवेलू फोडून जीव नकोसा केला, म्हणून 2012 मध्ये दादाने पत्रे टाकले. ते योग्यच होतं. पण पारवे शिरतात म्हणून त्याने दोन्ही झरोके विटांनी बुजवले, वळचणीची फटही सिमेंटने लिंपली. मी नको म्हणत होतो. "बाहेरची हवाच 45 डिग्री, ती आत घेऊन काय करायचं?" हे दादाचं म्हणणं, आणि गवंडीही त्याच्याच बाजूने.

पुढच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, रात्री दोन वाजता आई अंगणात खाटेवर बसलेली दिसली. घरात कूलर चालू होता, तरी वरून धग उतरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ्यावर थर्मामीटर टांगला. 58! बाहेर सावलीत 45. म्हणजे बाहेरची ती गरम हवासुद्धा आमच्या माळ्यापेक्षा 13 डिग्रीने थंड होती. शिवाय रात्री बाहेरचा पारा उतरतो, पण कोंडलेल्या माळ्याच्या फळ्या आणि त्यांवरचा मातीचा थर पहाटेपर्यंत तापलेलाच राहतो.

त्याच आठवड्यात मी शिडी लावून झरोके फोडले, वळचण मोकळी केली, सगळीकडे जाळी ठोकली. माळा 49 वर आला. खालच्या खोलीत दुपारी फरक जेमतेम दोन डिग्रीचा, पण अकरानंतर आई घरात झोपू लागली. पुढच्या वर्षी दादाने पत्र्यावर चुना मारला आणि घर आणखी निवलं. आजही तो पाहुण्यांना सांगतो की सगळं चुन्यानं झालं. नाही. आई आत झोपायला लागली ती चुन्याच्या आदल्या उन्हाळ्यात.

चुन्याचं काम वेगळं. तापलेला पत्रा खालच्या बाजूने उष्णता फेकतो, ती वाऱ्याने थांबत नाही. चुन्यामुळे पत्रा मुळात कमी तापतो. दोन्ही करा, पण झरोके आधी.

आता तुमचा फॅन. हवा आत यायला वाट नसेल तर तो सीलिंगच्या फटींतून खोलीतलीच गार हवा ओढून बाहेर फेकेल, कूलरची मेहनत वाया. साधारण 150 चौरस फूट माळ्याला 1 चौरस फूट मोकळी वाट लागते, निम्मी खाली वळचणीला, निम्मी वर आढ्याजवळ. जाळी बरीच वाट अडवते, म्हणून भोक त्याहून मोठं ठेवा. एवढं केल्यावर बहुतेक घरांना फॅन लागत नाही. अगदीच वारा पडत असेल तर लावा.

आणि हो, वर सरळ स्लॅब असेल, माळाच नसेल, तर यातलं चुन्याशिवाय काही कामाचं नाही. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना छिद्रं पाडू नका, त्यातली अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. वाट भिंतीतूनच काढा. कोकणात राहत असाल तर झरोक्याला बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या लावा, नाहीतर पावसाळ्यात माळा भिजेल.