टाकळ्याचं बी पेरून महिना झाला, एकही कोंब नाही. टाकळा घरी लावता येतो का?

येतो, टाकळा ही पावसाळ्यातली रानभाजी कुंडीतही होते, आणि तुमचं बी बहुतेक जिवंतच आहे. लांज्याहून वाळलेल्या शेंगा आणल्यात, ठाण्यात गॅलरीतल्या कुंडीत बी पेरलंत, रोज पाणी घालताय आणि तरी काही वर येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माती चाळा, ते चकचकीत तपकिरी दाणे पेरले होते तसेच्या तसे सापडतील. ते कुजलेले नाहीत. त्यांच्या आत अजून पाणीच शिरलेलं नाही.

टाकळ्याच्या बीचं कवच इतकं टणक आणि घट्ट असतं की महिनाभर ओल्या मातीत राहूनही दाणा फुगत नाही. यात त्या झाडाचा फायदा आहे. मे महिन्यात वळवाची एखादी सर येते आणि पुढे पंधरा दिवस कडक ऊन. त्या एका सरीवर सगळं बी उगवलं असतं तर सगळं जळून गेलं असतं. म्हणून थोडं बी यंदा उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, थोडं त्याच्याही नंतर. गावाला खळं कितीही साफ करा, मृगाचा पाऊस पडला की कडेनं टाकळा येतोच, तो या जुन्या साठ्यातून. तिथे उन्हाळाभर तापलेली जमीन, गुरांचे पाय आणि पावसाआधीची ओल-ऊन यांनी कवच हळूहळू ढिलं पडतं. कुंडीत हे काम आपल्याला करावं लागतं.

मी राजापूर तालुक्यात राहते आणि परसात दरवर्षी मुद्दाम टाकळा पेरते. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे बी घासणं. हार्डवेअरच्या दुकानात सुतारकामाचा मध्यम खरबरीत पॉलिशपेपर मिळतो. एका तुकड्यावर बी पसरा, वरून दुसरा तुकडा ठेवा आणि तळहातानं गोल गोल घासा. दाण्याची चमक जाऊन तो मळकट दिसायला लागला की थांबा. आतला पांढुरका गर दिसेपर्यंत घासू नका, कोंबाला इजा होते. मग बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी काही दाणे फुगून जवळजवळ दुप्पट झालेले दिसतील, ते लगेच पेरा. जे तसेच राहिले ते पुसून पुन्हा घासा आणि पुन्हा भिजवा. फुगलेलं आणि न फुगलेलं बी वेगळं करणं ही यातली खरी युक्ती आहे, कारण न फुगलेलं बी पेरून काही उपयोग नाही. काही जण कढत पाणी ओततात. उकळी आलेलं पाणी खाली उतरवून जरा थांबून ओतलं तर काही बी फुगतं, पण काही शिजतंही. बी थोडंच असेल तर घासणंच बरं.

पेरणी सोपी आहे. टाकळ्याला खतावलेली माती लागत नाही, आपल्या जांभ्या मुरमाड जमिनीवर तो आनंदानं वाढतो. शेंगा येणारं झाड असलं तरी त्याच्या मुळांवर वाटाणा-चवळीसारख्या, हवेतला नत्र झाडाला पुरवणाऱ्या गाठी येत नाहीत, म्हणून मूठभर कुजलेलं शेणखत दिलं तर पाला कोवळा राहतो. जास्त नको. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल, दोन-दोन बोटांवर. नुसता पाला खायचा असल्यानं दाट चालतं. कुंडीला चांगलं ऊन हवं आणि तळाला पाणी साचता कामा नये. फुगलेलं बी आठवड्याच्या आत वर येतं. सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे रोप काढून दुसरीकडे लावण्याच्या भानगडीत पडू नका, जिथे वाढवायचं तिथेच पेरा.

आता ओळख, कारण इथे चूक चालणार नाही. पहिली दोन गोल दलं सोडली की खरी पानं येतात, आणि टाकळ्याच्या पूर्ण वाढलेल्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात. टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी, टोकं गोलसर. संध्याकाळी पर्णिका मिटतात. पान चुरगळलं की उग्र वास येतो, त्यामुळे गुरं त्याला तोंड लावत नाहीत. याचाच भाऊबंद कासविंदा, त्याला काही गावांत रानटाकळाही म्हणतात. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या जास्त, चार-पाच तरी, आणि टोकं अणकुचीदार. शेंगाही वेगळ्या. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी आणि जवळजवळ सरळ. कासविंद्याचं बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात ते खाल्ल्यामुळे लहान मुलांना मेंदू, यकृत आणि स्नायूंचा जीवघेणा आजार झाल्याचं डॉक्टरांनी सिद्ध केलंय. तुम्ही आणलेल्या शेंगा कुठल्या, ते आधी नीट बघा. शंका असेल तर त्या बीचा पाला खाऊ नका.

खुडायची वेळ महत्त्वाची. रोप चार ते सहा इंचाचं असताना शेंडा दोन-तीन पानांसकट खुडा, खालून पुन्हा फुटवे येतात. पिवळी फुलं दिसायला लागली की पाला जून आणि कडवट होतो, मग भाजी नको. कोकणात फुलांचा बहर साधारण श्रावण-भाद्रपदात असतो आणि उशिरा उगवलेली रोपं वीतभर असतानाच फुलतात. म्हणून पाला जास्त दिवस हवा असेल तर मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत दर पंधरवड्याला थोडं थोडं पेरत जा. पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, त्या पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या. औषध मारू नका, हातानं वेचून एखादं रोप त्यांना ठेवा.

भाजी आमच्याकडे अशी होते: पाला धुऊन बारीक चिरायचा, लसूण, मिरची, कांदा फोडणीला, त्यात उकडून ठेचलेल्या फणसाच्या आठळ्या, मग पाला, आणि उतरवताना भरपूर ओलं खोबरं. आठळ्या नसतील तर भिजवलेली चणाडाळ. पाणी घालायचं नाही, झाकण ठेवून वाफेवर शिजवायची. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडीच खावी, कारण टाकळा सारक आहे. गरोदरपणात आणि पोट बिघडलेलं असताना टाळावा.

औषधाचं म्हणाल तर आयुर्वेदात हाच चक्रमर्द. नायटा-गजकर्णावर बी वाटून लिंबाच्या रसात किंवा ताकात लेप लावायची पद्धत जुनी आहे. यात क्रायसोफेनॉलसारखी द्रव्यं असतात, त्यांचा बुरशीवर परिणाम होतो. पण नाजूक कातडीला लेप झोंबतो, म्हणून आधी हातावर एवढासा लावून बघावा. नायटा पसरत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. बीचं चूर्ण पोटात घेणं मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट मनापासून सांगते. पावसाळ्यात गावी गेलात तर रस्त्याकडेचा आणि बागांच्या कुंपणालगतचा टाकळा खुडू नका. आता तिथे सर्रास तणनाशक मारतात, आणि फवारल्यावर दोन-चार दिवस पाला हिरवागारच दिसतो. ज्या पाल्यावर आमच्या आज्यांनी आषाढ काढला तो आज ओळखीच्या माणसाच्या जमिनीतूनच घ्यावा लागतो याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच तुम्ही तो कुंडीत लावायला निघालात याचा आनंद झाला.

पुढच्या वर्षासाठी दोनच रोपं न खुडता राखा, तेवढी पुरतात, एका शेंगेत वीस-तीस दाणे असतात. शेंगा तपकिरी झाल्या की पूर्ण वाळायची वाट पाहू नका, त्या तडकून बी उडतं. सकाळी दंव असताना शेंगा कापा, कागदी पिशवीत घालून सावलीत वाळवा आणि बी कोरड्या बरणीत ठेवा. घासायचं मात्र पेरणीच्या आदल्या दिवशीच. घासलेलं बी ठेवलं तर दमट हवेत लवकर खराब होतं.